फळावर गावाचे नाव

आज २४ मे. ५० वर्षांपूर्वी, १९७६ साली याच तारखेला पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक वाईनची चव घ्यायला बसले होते. कोणत्या पेल्यात काय आहे, हे त्यांना सांगितलेले नव्हते. स्टीव्हन स्परियर नावाच्या, पॅरिसमध्ये वाईनचे दुकान चालवणाऱ्या इंग्रजाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधून हा कार्यक्रम ठेवला होता. पांढऱ्या वाईनच्या फेरीत सहा कॅलिफोर्नियाच्या शार्डोने होत्या आणि चार बर्गंडीच्या. बर्गंडी म्हणजे फ्रान्समधले शार्डोनेचे माहेर, तेव्हा निकाल काय लागणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. बोलावलेल्या पत्रकारांपैकी ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर तेवढे आले. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाची वाईन चाखून समाधानाने म्हटले की, आता कुठे आपण फ्रान्सला परतलो. निकाल जाहीर झाला तेव्हा पहिल्या क्रमांकावर शातो माँटेलेनाची १९७३ सालची शार्डोने होती. गाव नापा खोऱ्यातले, राज्य कॅलिफोर्निया. लाल वाईनच्या फेरीतही कॅलिफोर्नियाच जिंकली. त्या दोन्ही विजेत्या वाईनच्या बाटल्या आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

वऱ्हाडातल्या वृत्तपत्राने यावर अग्रलेख का लिहावा, असे वाचक विचारतील. कारण वरुड-मोर्शीला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ म्हणत आलो. पुढाऱ्यांच्या भाषणांत हे विशेषण येते, शाळेच्या निबंधांत येते, संत्रा महोत्सवाच्या फलकांवर येते. ज्या मुलखाचे नाव आपण कौतुकाने स्वतःला लावून घेतले, त्या मुलखाने स्वतःचे नाव कसे कमावले, ते या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी नीट पाहायला हवे.

त्यातली पहिली गोष्ट प्रमाणाची. माँटेलेनाची ती वाईन सुमारे दोन हजार पेट्या भरली होती. त्यासाठी लागलेली द्राक्षे ४० टनांच्या आसपास. वरुडच्या हिशेबाने सांगायचे तर तीन-चार ट्रक. संत्र्याच्या हंगामात एखाद्या मोठ्या गावातून एका दिवसात तेवढा माल सहज निघतो. त्या तीन-चार ट्रकांनी एका खोऱ्याचे भाग्य फिरवले. नापाच्या जमिनीचे भाव, तिथली गिऱ्हाइके, तिथे येणारे प्रवासी, तिथल्या मुलांचे गावातच राहणे, हे सगळे त्या दुपारनंतर बदलत गेले. माल थोडा आहे म्हणून ते लोक थांबले नव्हते.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती फार कमी सांगितली जाते. माँटेलेनाचे मालक जिम बॅरेट यांच्या स्वतःच्या मळ्यात तेव्हा शार्डोने नव्हती. मळे नव्याने लावायचे चालले होते, म्हणून त्यांनी द्राक्षे विकत घेतली. बहुतांश द्राक्षे नापाची नव्हतीच, ती शेजारच्या सोनोमा परगण्यातली होती. त्यातली १४ टन चार्ल्स आणि हेलन बासिगालुपी या शेतकरी दांपत्याच्या मळ्यातली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर नापाबरोबर सोनोमातल्या अलेक्झांडर खोऱ्याचेही नाव छापलेले होते, पण जगाने नापा तेवढे लक्षात ठेवले. बासिगालुपींच्या पुढच्या पिढ्यांनी आपल्या आडनावाची वाईन बाजारात आणली ती कित्येक दशकांनी. पॅरिसच्या विजयात आपल्या मातीचा वाटा होता, हे सोनोमाचे लोक आजही सांगत असतात. ज्याने पिकवले तो मागे राहिला आणि ज्याने भरून विकले त्याचा गाव नकाशावर चढला.

हे वाचताना वरुड, मोर्शी, शेंदूरजना घाट, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, पातूर इथल्या बागायतदाराला स्वतःचीच आठवण होईल. आपल्या संत्र्याचे नाव ‘नागपूर संत्रा’. भोसल्यांच्या काळात हे झाड नागपूरला आले, तिथल्या बाजारातून देशभर गेले, तेव्हा नाव पडले त्याला कुणाची हरकत असायचे कारण नाही. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही याच नावाने. पण संत्र्याच्या बागांचा सर्वांत मोठा पट्टा अमरावती जिल्ह्यात आहे. झाड इथले, पाणी इथले, कर्ज इथले, वाळलेल्या बागेवर कुऱ्हाड चालवायची वेळ येते तीही इथल्याच माणसावर. आणि दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या ज्या घरात ते फळ सोलले जाते, तिथे वरुड हा शब्द कुणी ऐकलेलाही नसतो.

नागपूरशी भांडण लावण्यात आम्हाला रस नाही. नाव मोठे आहे, ते राहू द्यावे. प्रश्न आहे त्या मोठ्या नावाच्या खाली गावांची लहान नावे का नाहीत, हा.

बर्गंडीत ती आहेत. शार्डोने हे मुळात एका खेड्याचे नाव, बर्गंडीच्या दक्षिण भागातले. हे द्राक्ष खानदानी म्हणून जगभर मान मिळवते, पण १९९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची जनुकीय कुंडली मांडली तेव्हा कळले की त्याच्या आई-बापांपैकी एक पिनो हे थोर घराणे आणि दुसरे गुए ब्लाँ, म्हणजे गरीब कुळांच्या कुंपणाकडेची, हलकी समजली गेलेली आणि अनेक ठिकाणी बंदी घातली गेलेली जात. एकाच जातीची ही द्राक्षे, पण बर्गंडीचा शेतकरी धुरा ओलांडला की वाईनला दुसरे नाव देतो. उताराचा तुकडा, त्यातला चुनखडीचा थर, सकाळचे ऊन किती वाजता पडते, पाणी कुठून निघून जाते, यावर शेकडो वर्षे नजर ठेवून आधी मठांतल्या साधूंनी आणि मग शेतकऱ्यांनी वावरांची नावे पक्की केली. अशा १,२४७ वावरांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. त्यातले सर्वांत नामांकित माँट्राशे, जेमतेम आठ हेक्टरांचे. म्हणजे २० एकर. आपल्याकडे एवढी जमीन एकेका खात्यावर असणारी घरे आजही सापडतील. त्या २० एकरांची कीर्ती एवढी वाढली की १८७९ मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांनी वावराचे नाव आपल्या गावाच्या नावापुढे जोडून घेतले. आपल्याकडे वावराला गावाची ओळख लागते. तिथे गावाने वावराची ओळख मागितली.

आपल्या राज्यातही शार्डोने पिकते. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फेसाळती वाईन करायला घेतली. नाशिकला सुला १९९९ मध्ये सुरू झाली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क उभे झाले आणि पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचे उदाहरण आम्हाला वऱ्हाडच्या दृष्टीने अधिक बोलके वाटते. उसाचा मुलूख, वरून कडक ऊन. तिथे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावाभावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या, इटालियन भाषेत भावांना म्हणतात तेच ‘फ्रातेली’ हे नाव कंपनीला दिले, आणि टस्कनीचे पिएरो मासी यांना बोलावून शार्डोनेसह डझनभर जातींच्या वेली लावल्या. थंड देशातली ही वेल आपल्या हवेत जगवायची तर एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, ऑक्टोबरात फळ छाटणी करायची आणि पीक हिवाळ्यावर नेऊन बसवायचे, म्हणजे घड पिकताना रात्री थंड मिळतात आणि आंबटपणा टिकतो. युरोपच्या पंचांगावर विसंबून हे झाले नसते. आपले ऊन आणि आपली थंडी ओळखून झाले.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ही भूमी शेंडगावच्या गाडगेबाबांची आणि यावलीच्या तुकडोजी महाराजांची आहे. दोघांनीही खेड्यातला संसार दारूने कसा बुडतो ते डोळ्यांनी पाहिले आणि आयुष्यभर त्याविरुद्ध गावोगाव फिरले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आजही दारूबंदी आहे. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचे ठरवले, तेव्हा इथल्या बायाबापड्यांनी जो राग व्यक्त केला तो आम्हाला मान्य होता आणि आहे. वऱ्हाडाने वाईन गाळावी, असे आमचे म्हणणे नाही. पण तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त गावाच्या उद्योगाचा, गावात पिकलेल्या मालाचे मोल गावातच वाढवण्याचा विचारही तेवढ्याच तळमळीने मांडला आहे. बर्गंडीच्या शेतकऱ्याकडून घ्यायचे ते एवढेच.

आता बागेकडे येऊ. मे महिन्याच्या या दिवसांत वरुडकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आजारी असल्यासारख्या दिसतील. पाने मिटलेली, वळलेली, काही पिवळी पडून आळ्यात पडलेली. नवखा माणूस हळहळतो. बागायतदार मात्र रोज सकाळी फांदी वाकवून, पान चुरगळून बघत असतो, कारण हा ताण त्यानेच दिलेला असतो. महिनाभर पाणी तोडायचे, झाडाला भूक लावायची, बुंध्याला बोर्डो मलम फासून ठेवायचे आणि मृगाच्या पहिल्या सरींनी ताण सुटला की पांढऱ्या कळ्यांनी झाड भरून जाते. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला वेळ लागतो, मुरमाड जमिनीत चार दिवसांतच झाड मान टाकते. एक दिवस कमी झाला तर फूट येते आणि फूल येत नाही. एक दिवस जास्त झाला तर झाडच जाते. हे अंदाज कुठल्या पुस्तकातले नाहीत. बापाने मुलाला त्याच वावरात उभे राहून दिलेले आहेत, आणि शेजारच्या वावरात ते लागू पडतीलच असे नाही. बर्गंडीचा शेतकरी ज्या ज्ञानाला जपून त्यावर किंमत लावतो, तेच ज्ञान इथे आहे. कलमाचेही तेच. १९व्या शतकात मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलमे बांधून ते वाचवले गेले. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणाऱ्या हातांचे कसब त्याहून उणे नाही. त्या गावची रोपे दूरदूरच्या राज्यांत लागली आहेत.

मग हे सारे ज्ञान कुठे नाहीसे होते? बाजाराच्या दारात. व्यापारी बाग उभीच घेतो. फळ तुटते, कॅरेटमध्ये पडते, लहान-मोठे वेगळे होते आणि चार गावांचा माल एका ट्रकात चढतो. मुरमाच्या उतारावरचे घट्ट सालीचे, गोड फळ आणि पाणथळ काळ्या जमिनीतले पोकळ फळ एकाच भावाने जाते. मृग बहाराचा माल आणि आंबिया बहाराचा माल चवीने वेगळा असतो हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण खाणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. चांगले पिकवणाऱ्याला वेगळे काही मिळत नसेल तर त्याने चांगले का पिकवावे? कोळशी, डिंक्या आणि फळगळ यांच्याशी लढणारा, शेकडो फूट खोल बोअर नेऊन कोरडा परतलेला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला उत्तर देता येत नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले तेव्हा अख्ख्या पट्ट्याचे भाव कोसळले. निनावी माल स्वस्त पडेपर्यंतच गिऱ्हाईक टिकते. ज्या मालाला नाव आहे, त्यासाठी गिऱ्हाईक थोडे जास्त मोजायला तयार असते.

मालाला नाव असण्याचा अनुभव वऱ्हाडाला नाही, असेही नाही. इंग्रजांच्या काळात लिव्हरपूलच्या कापूस बाजारात वऱ्हाडी कापूस ‘उमरा’ म्हणून पुकारला जाई. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे जगाची नजर वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला खास कापसासाठी फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर राहिले. तेव्हा एका वऱ्हाडी गावाचे नाव सातासमुद्रापार भावफलकावर होते. पुढे काय झाले? सरकी मिसळली गेली, आखूड धाग्याच्या जाती शिरल्या, खानदेशचा, मध्य प्रांताचा, निजामाच्या मुलखातला कापूसही ‘उमरा’च्याच नावाने विकला जाऊ लागला. होता होता उमरा म्हणजे आखूड धाग्याचा जाडाभरडा कापूस, एवढाच त्या नावाचा अर्थ उरला. अमरावतीचे नाव कुणी चोरले नाही. ते एवढे पसरवले गेले की त्यात अमरावती उरलीच नाही. मानांकनाचे प्रमाणपत्र चौकट करून लावणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. वाटेल त्या फळाला एकच नाव लावत गेलो, तर संत्र्याचेही तेच होईल.

म्हणून आम्ही लहान मालाच्या बाजूचे आहोत. संत्रा प्रक्रियेच्या मोठ्या कारखान्यांच्या घोषणा या पट्ट्याने किती निवडणुकांत ऐकल्या, याचा हिशेब आता लोकांनीही सोडून दिला आहे. कारखाना यायला हवा, बारीक फळाला तोच आधार आहे. पण तो येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते. सुमारे १,१०० मीटर उंचीवर, सातपुड्याच्या धुक्यात, झाडांच्या सावलीत. महाराष्ट्रात कॉफीचे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचेच नाव घेतले जाते आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत त्याचा एका ओळीत उल्लेख असतो. माल थोडा आहे, हे खरे. पावसाळ्यानंतरचे लांबलचक कोरडे महिने कॉफीला मानवत नाहीत, तेव्हा तो फार वाढणारही नाही. पण थोडा असणे हेच त्याचे मोल ठरू शकते. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीला २०१९ मध्ये मानांकन मिळाले, त्याच्याही आधी तिचे दुकान पॅरिसमध्ये उघडले होते. मेळघाटातल्या कोरकू घरांना तेवढी वाट का मिळू नये? अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या पानमळ्यांत बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पिंपळी आयुर्वेदाच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या औषधांत जाते. त्या डब्यावर अंजनगाव छापायला किती शाई लागेल?

मृग पंधरा दिवसांवर आला आहे. या बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटतील, म्हणजे हातात आठ-नऊ महिने आहेत, आणि एवढ्यात जे होण्यासारखे आहे तेवढेच आम्ही मागतो. अमरावती, वरुड आणि अकोट इथल्या बाजार समित्यांनी या हंगामात प्रत्येकी काही गावे निवडावीत आणि त्या गावांचा माल वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या लिलावात विकावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी कॅरेटवर गाव, बहार आणि तोडणीची तारीख छापावी. शक्य असेल तिथे बागायतदाराचे नावही घालावे. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या दोहोंकडे माती आणि फळ तपासायची साधने आहेत, माणसे आहेत. त्यांनी या गावांच्या फळांतली साखर, आंबटपणा, सालीची जाडी मोजून आकडे गावातल्या चावडीवर लावावेत. जिल्हा प्रशासनाने चिखलदऱ्याच्या सरकारी विश्रामगृहांत आणि पर्यटन निवासांत इथलीच कॉफी, जेवढी मिळेल तेवढी, आधी पाजावी. संत्रा महोत्सवात मंडपावर खर्च होतो, त्यातला थोडा भाग डोळे बांधून चव घ्यायच्या परीक्षेवर करावा. परीक्षक बाहेरचे आणावेत, नागपूरचेही आणावेत. कोणत्या गावचे फळ जिंकते ते लोकांसमोर ठरू द्यावे. पहिल्या वर्षी तीन-चार ट्रक माल असा वेगळा काढता आला, तरी सुरुवातीला तेवढा पुरेल.